एकोणसाठ नंबरवाली

हिकरी फोर्कच्या मेन स्ट्रीटवर, बंद पडलेल्या मोज्यांच्या गिरणीसमोर माझं ब्यूटी पार्लर आहे. गिरणी गेली तेव्हा निम्मं गाव उठलं. उरलेलं निम्मं सॅफ्रिट रेसिंगनं जगवलं. गावाबाहेर त्यांची पांढरी, इस्पितळासारखी स्वच्छ इमारत आहे. तिथं शर्यतीच्या गाड्या बांधतात, आणि ज्या घरातलं एकही माणूस तिथं कामाला नाही असं घर गावात शोधून सापडायचं नाही. त्यामुळं सॅफ्रिटबद्दल वाईट बोलणं म्हणजे आमच्याकडे स्वतःच्याच ताटात थुंकण्यासारखं.

रोवेना हनीकट मात्र बोलायची. दर मंगळवारी, माझ्या खुर्चीत बसून, डोक्याला रोलर लावून घेत.

"काल टीव्हीवर तो ग्रेसन पेल पाहिलास, जोनेल? तोंडाला लोणी फासल्यासारखा चमकत होता. तीन वेळा म्हणाला, 'आमचं कुटुंब'. ज्या दिवशी मालक कामगारांना कुटुंब म्हणायला लागतो ना, त्या दिवशी समजावं की कुणाला तरी काढणार आहे."

"मिस रोवेना, मान हलवू नका." लग्न झालेल्या बाईलाही आमच्याकडे मानानं 'मिस'च म्हणतात.

"मान नाही हलवत, मन ढवळतंय. गाडी कुठल्या रंगाची होती या आठवड्यात? कुत्र्याच्या खाण्याची जाहिरात. गुलाबी. होयल सॅफ्रिट असता तर त्यानं पेलला त्याच पोत्यात घालून परत पाठवलं असतं."

होयल सॅफ्रिट म्हणजे ही कंपनी उभी करणारा म्हातारा. त्यानं आपल्या घरामागच्या गुरांच्या गोठ्यात पहिली गाडी बांधली, आणि त्या गाडीचा सांगाडा जोडला तो वर्थ हनीकटनं, म्हणजे रोवेनाच्या नवऱ्यानं. लग्न होऊन नुकतं वर्ष झालं होतं. गाडीवर नंबर कोणता घालायचा यावर दोघांत वाद झाला, तेव्हा होयल म्हणाला की जेवण आणून देतेय तिलाच विचारा. रोवेनानं आपल्या माहेरच्या पत्र्याच्या टपालपेटीवरचा नंबर सांगितला, एकोणसाठ. तेव्हापासून ती गावात एकोणसाठ नंबरवाली झाली. गिरणीत ती मोज्यांच्या टाचा शिवायची. गिरणी बंद झाल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि गावातली दोन पिढ्यांची पोरं तिच्या हातचं जेवून मोठी झाली. रविवारी मात्र ती लाल जाकीट घालून ट्रॅकवर असायची. पाठीवर पांढऱ्या अक्षरांत एकोणसाठ.

तिची मतं ऐकायला काही बायका मुद्दाम मंगळवारी यायच्या. ती कुणाला सोडत नसे. ड्रायव्हर आळशी असला तर आळशी म्हणायची, पिटमधली, म्हणजे शर्यतीत टायर बदलणारी, पेट्रोल भरणारी माणसं ढिली असली तर ढिली. होयल हयात असताना त्यालाही तिनं त्याच्याच कारखान्यात चारचौघांत सुनावलं होतं की तू माणसं पारखतोस गाडी पारखल्यासारखी, आवाजावरून. होयल हसला होता. तो मेल्यावर कंपनी जावयाकडे गेली. जावई म्हणजे हा ग्रेसन पेल. त्याआधी तो गाद्यांच्या दुकानांची साखळी चालवायचा, आणि रोवेनाच्या मते त्याला एवढंच कळत होतं की लोकांना झोपवायचं कसं.

पेलनं दोन गाड्या ठेवल्या होत्या. एकोणसाठ नंबर चालवायचा ब्रॅन्सन यूडी. हा आमच्या गावचा. याच्या बापाचं गॅरेज होतं, आई लवकर गेली, आणि शाळेत जेवणाच्या रांगेत हा नेहमी दुसऱ्यांदा उभा राहायचा. रोवेना त्याच्या ताटात न विचारता चिकन वाढायची. दुसरी गाडी होती कॅमडेन ऑल्डर नावाच्या पोराची. त्याच्या बापाची टेक्ससमध्ये गोदामं होती आणि त्या बापाच्याच पैशावर गाडी पळत होती.

"माकडाच्या हाती कोलीत," रोवेना म्हणायची. "फक्त या माकडाचं झाडसुद्धा त्याच्या बापानं विकत घेतलंय."

त्या वर्षी ऑक्टोबरात एक शर्यत होती. शेवटच्या टप्प्यासाठी कोण ड्रायव्हर निवडले जाणार हे त्या दिवशी ठरणार होतं. ब्रॅन्सन त्या निवडीतून आधीच बाद झाला होता, शर्यतीत मात्र पळत होता. कॅमडेन अगदी उंबरठ्यावर होता, एकदोन जागा पुढे सरकला तर आत, नाहीतर घरी.

आम्ही तिघं गेलो होतो. रोवेना, वर्थ आणि मी. आमच्या जागा चौथ्या वळणावर, कुंपणाला लागून वरच्या ओळीत. टोपलीत पिमेंटो चीजची सँडविचं, उकडलेल्या शेंगा, थर्मासात गोड चहा. रोवेनाच्या कानाला हेडफोन. ड्रायव्हर आणि त्याची माणसं रेडिओवर काय बोलतात ते त्यात ऐकू येतं. त्यात चोरून ऐकण्यासारखं काही नाही, ट्रॅकवर भाड्यानं मिळतात. मी कधी लावत नाही. मला डोकं दुखतं.

शर्यत संपायला थोड्याच फेऱ्या राहिल्या होत्या आणि कॅमडेन मागेच होता. अशा वेळी मागच्या माणसाला एकच गोष्ट तारते, पिवळं निशाण. ते लागलं की सगळ्या गाड्या वेग कमी करून पुन्हा एका रांगेत येतात आणि मागच्याला पुढे घुसायची संधी मिळते. पण पिवळं निशाण उगीच लागत नाही. त्यासाठी कुणीतरी आपटावं लागतं.

मी शेंग सोलत होते. रोवेनानं एकदम माझं मनगट धरलं. तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं हिला काहीतरी झटका आला. आणि त्याच वेळी आमच्या समोर, वळणाच्या अगदी तोंडाशी, ब्रॅन्सनची गाडी आपसूक गिरकी घेऊन आडवी झाली. तिला कुणी धक्का दिला नव्हता. मागून लमार टीगची हिरवी गाडी येत होती. लमार म्हणजे जुना, साधा गडी, पंचेचाळिशीतला, कधी फारसं जिंकला नाही पण कधी कुणाला घाणेरडं ढकललंही नाही. त्यानं ब्रॅन्सनला चुकवायला गाडी वळणाच्या वरच्या कडेला घेतली आणि ती भिंतीवर अशी गेली की पुढचा भागच उरला नाही.

पिवळं निशाण लागलं. लमारला गाडीतून काढायला बराच वेळ लागला. एका पायाच्या नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा कॅमडेन तीन गाड्या ओलांडून गेला आणि शेवटच्या टप्प्यात पोचला. आमच्या बाजूची माणसं उड्या मारत होती. गावचीच की सगळी.

रोवेनानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"पेल स्वतः बोलला," ती म्हणाली. "एरवी तो रेडिओवर येत नाही. म्हणाला, 'ब्रॅन्सन, तुझा टायर मला बरा वाटत नाही.' ब्रॅन्सन म्हणाला, 'टायर उत्तम आहे.' मग पेल म्हणाला, 'नीट विचार कर. पुढच्या वर्षाचाही विचार कर.' मग कुणीच काही बोललं नाही. आणि मग हे."

वर्थनं खाली बोट दाखवलं. ब्रॅन्सनची गाडी ओढून नेत होते. चारही टायर टम्म फुगलेले होते.

संध्याकाळी ब्रॅन्सननं टीव्हीवर सांगितलं की टायरची हवा गेली. पेल म्हणाला की लमारसाठी आमचं कुटुंब प्रार्थना करत आहे.

आता तुम्ही म्हणाल, एका बाईनं ऐकलं म्हणजे काय. पण एका बाईनं नव्हतं ऐकलं. हजारो लोकांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी ते बोलणं फोनाफोनावर फिरत होतं. माझ्या पार्लरमध्ये बायकांनी ते पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. लपलेलं असं त्यात काहीच नव्हतं. आणि सगळं ऐकून आमच्या गावानं ठरवलं की पेलला टायरची काळजी वाटत होती.

"काळजीच ती," पोस्टातली व्हर्ना ड्रायरखालून म्हणाली. "ड्रायव्हरची काळजी मालकानं नाही करायची तर कुणी?"

"आणि पुढचं वर्ष?" रोवेनानं विचारलं.

"म्हणजे, जपून चालव, पुढचं वर्ष आहे अजून, असं."

"व्हर्ना, तुझा मुलगा तिथं रंगकाम करतो म्हणून तुझ्या कानात रंग गेलाय."

व्हर्ना ओले केस घेऊन निघून गेली. दुभत्या गाईच्या लाथा गोड, हे मला माहीत होतं. पण लाथ दुसऱ्याला बसली तरी ती इतकी गोड लागते, हे तेव्हा नवीन कळलं.

काही लोक तर त्याही पुढे गेले. हार्डवेअरवाला हिन्सन म्हणाला, "केलं असेल मुद्दाम. सगळेच करतात. पेलनं आधी केलं, एवढंच. डोकं लागतं त्याला." रोवेना तिथं बागेसाठी तार घ्यायला गेली होती. ती तार काउंटरवर ठेवून तशीच बाहेर आली. मला म्हणाली, "खोटं बोलणाऱ्याचा राग येतो, जोनेल. पण या माणसाची शिसारी आली. त्याला सगळं कळलंय आणि ते त्याला आवडलंय."

रविवारी चर्चमध्ये पास्टर मोझलींनी नेहमीप्रमाणे गावासाठी प्रार्थना केली. आजारी माणसं, पाऊस, सैन्यातली पोरं, आणि शेवटी, "प्रभू, सॅफ्रिट रेसिंगच्या आमच्या भावांना शेवटच्या टप्प्यात यश दे."

रोवेना उठून उभी राहिली. आमच्याकडे प्रार्थनेच्या मध्ये कुणी उठत नाही.

"पास्टर, लमार टीगसाठी पण प्रार्थना करा."

"हो, हो, अर्थातच. सर्व जखमींसाठी."

"नाव घेऊन."

पास्टरांनी नाव घेतलं. लोक 'आमेन' म्हणाले आणि त्यांना वाटलं आता ही बसेल.

"आणि ज्यांनी त्याला भिंतीवर घातलं त्यांच्यासाठी," रोवेना म्हणाली. "त्यांना जास्त गरज आहे. तेही नाव घेऊनच."

पास्टर मोझलींच्या चर्चचं नवं छप्पर पेलनं घालून दिलं होतं. त्यांनी घसा खाकरला आणि भजनाचा आकडा सांगितला. सगळे पानं उलटायला लागले. वर्थनं बायकोचा हात धरून तिला खाली बसवलं. बसवलं म्हणजे दटावून नाही. आपलं भजनाचं पुस्तक त्यानं उघडलंच नाही.

त्यानंतरच्या शनिवारी कंपनीचा चाहत्यांचा दिवस होता. वर्षातून एकदा ते पांढरी इमारत लोकांना उघडी करतात, हॉट डॉग आणि कोबीची कोशिंबीर वाटतात, ड्रायव्हर सह्या करतात, मालक प्रश्नांना उत्तरं देतो. वर्थ म्हणाला मी येत नाही, मला त्या दारातून आत जायचं नाही. म्हणून रोवेनाबरोबर मी गेले. तिनं लाल जाकीट घातलं होतं.

पेल छोट्या मंचावर उभा होता. त्यानं जाकीट पाहिलं आणि खूश होऊन हात केला. "या लाल जाकीटवाल्या मॅडमना माईक द्या."

"माझं नाव रोवेना हनीकट," ती म्हणाली. "तुम्ही रेडिओवर म्हणालात, पुढच्या वर्षाचा विचार कर. टायरचा आणि पुढच्या वर्षाचा काय संबंध?"

पेल जराही बिचकला नाही. "किती छान प्रश्न. असे जाणकार चाहते हीच आमची खरी ताकद आहे. आमच्या कुटुंबात सुरक्षितता सगळ्यात आधी येते, आणि पुढच्या वर्षीही..."

"मी सुरक्षिततेचं नाही विचारलं."

माईक तोवर तिच्या हातातून गेला होता. पुढच्या माणसानं विचारलं की नव्या टोप्या विकायला कधी येणार. त्याला टाळ्या पडल्या.

मग ती ब्रॅन्सनच्या रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा त्यानं वर न बघताच तिच्या हातातली टोपी घेतली आणि सही करायला लागला.

"ब्रॅन्सन."

त्याचा पेन थांबला. "मिस रोवेना. कशा आहात?"

"टायरची हवा गेली होती?"

"हो मॅडम."

"माझ्याकडे बघून सांग."

तो टोपीकडेच बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मिस रोवेना, मागे लोक थांबलेत."

तिनं टोपी परत घेतली नाही. आम्ही निघालो तशी कंपनीची एक चुणचुणीत बाई धावत आली. मिस्टर पेलनी तुमच्याबद्दल विचारलं, म्हणाली. इतक्या जुन्या चाहत्या, लाल जाकीट, पहिल्या गाडीचा नंबर तुम्ही दिलेला. आम्हाला तुमच्यावर जाहिरात करायची आहे. पुढचं वर्षभर पिटमध्ये मोफत बसा, ड्रायव्हरांसोबत फोटो काढा.

"त्यांना सांग," रोवेना म्हणाली, "मी गादी नाही. माझ्यावर झोपता येणार नाही."

सोमवारी कंपनीनं तिच्या जावयाला, ड्वेनला, इंजिनच्या खोलीतून काढून गाड्या वाहून नेणारे ट्रक धुवायला लावलं. कारण काही दिलं नाही. तो गप्प राहणारा माणूस. पण तिची मुलगी मार्ला तरातरा आईकडे गेली. ते मला रोवेनानंच सांगितलं, शब्दन् शब्द.

"आई, तुझ्या मतांवर आमचं घर चालत नाही."

"मी मत दिलं नाही. प्रश्न विचारला."

"तुझा प्रश्न ड्वेनला महागात पडला. तो आता पाइप घेऊन उभा आहे, आणि ज्यांना त्यानं काम शिकवलं ते त्याच्यासमोरून जातात. तुला काय, तू जाकीट घालून मिरव."

"मार्ला, त्या माणसाचा पाय मोडलाय."

"त्याला पैसे मिळतात त्याचे. ड्रायव्हर आहे तो. तू त्याची कोण लागतेस?"

मार्ला गेल्यावर रोवेनानं त्या दिवशी चूल पेटवली नाही. वर्थनं थंड लिव्हरमश, म्हणजे डुकराच्या कलेजीची वडी, ब्रेडमध्ये घालून तिला दिलं, तेही तसंच राहिलं. पण मुलीचा शेवटचा प्रश्न तिच्या डोक्यातून गेला नाही. खरंच, ज्याच्यासाठी आपण गावाशी वाकडं घेतलं त्याला आपण ओळखतही नाही. तिनं लोणी घालून मोठा पाउंड केक केला आणि मला म्हणाली, "शार्लट शहरात त्याला ठेवलंय. गाडी काढ."

लमार टीगला पाय चालता करायच्या एका केंद्रात ठेवलं होतं. आम्ही गेलो तेव्हा तो चाकाच्या खुर्चीत बसून टीव्ही बघत होता. फार बरा माणूस. केक पाहून त्याचा चेहरा उजळला. लगेच कापायला लावला, नर्सला दिला, आम्हाला दिला. रोवेनानं त्याला सांगितलं की तिनं काय ऐकलं. चर्चमध्ये काय झालं तेही सांगितलं, लाजत लाजत.

लमार हसला. "मॅडम, तुमचं मन मोठं आहे. पण एवढं मनावर घेऊ नका. ही शर्यत आहे."

"मुद्दाम होतं ते."

"असेलही. मी त्याच्या जागी असतो तर कदाचित मीही तेच केलं असतं. मालक सांगतो ते ऐकावं लागतं." त्यानं केकचा आणखी एक तुकडा घेतला. "आणि पेल वाईट माणूस नाही. स्वतः दोनदा भेटून गेला. माझी गाडी ज्यांची होती ते आता गाशा गुंडाळतायत, आणि पेलकडे पुढच्या वर्षी जागा होईल म्हणतात. तेव्हा, मॅडम, माझ्या नावानं कुठं काही बोलू नका. मला अडचण होईल."

रोवेनानं बशी खाली ठेवली. मग तिनं त्याच्या खांद्याला हात लावला, पाय लवकर बरा होवो म्हणाली, आणि आम्ही बाहेर पडलो. केकचा डबा तिथंच राहिला. मी आठवण केली तर म्हणाली, "राहू दे. मला तो परत हातात धरवणार नाही."

परतीच्या वाटेवर तिनं काच खाली केली. थंडी होती, तरी खालीच ठेवली. गाव जवळ आल्यावर म्हणाली, "जोनेल, मला वाटलं होतं निदान ज्याला लागलंय त्याला तरी किळस वाटेल."

मी गाडी चालवत राहिले.

शेवटच्या टप्प्याच्या शेवटच्या शर्यतीत कॅमडेन ऑल्डर सुरुवातीलाच, कुणी हात न लावता, भिंतीवर गेला. ज्याच्यासाठी एवढं केलं तो असा बाद झाला. गावानं जणू सुतकच पाळलं. आणि थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी पेलनं जाहीर केलं की पुढच्या वर्षी एकोणसाठ नंबरची गाडी लमार टीग चालवेल. दुखापतीतून उठलेला शूर ड्रायव्हर आणि त्याला हात देणारा मालक. जाहिरातीला याहून चांगलं काय. ब्रॅन्सन यूडीचे आभार मानले होते, एका ओळीत.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी ब्रॅन्सन रोवेनाच्या घरी आला. मी तिथंच होते. ती आणि मी ओसरीवर अक्रोडासारखी पेकानं फोडत होतो. तो पायऱ्यांखालीच उभा राहिला, टोपी हातात.

"मिस रोवेना, तुम्ही बरोबर होतात."

ती फोडत राहिली.

"टायर चांगला होता. आधीच्या आठवड्यात ऑफिसात बोलावून मला सांगितलं होतं. पेल 'टायर' म्हणाला की काय करायचं ते. मी नाही म्हणालो होतो. मग त्यानं करार पुढे केला, सही न केलेला, आणि परत खणात ठेवला." तो थांबला. "मी हे सगळं सांगणार आहे. टीव्हीवाल्यांना, सगळ्यांना. तुम्ही माझ्या बाजूनं बोलाल ना? लोक तुम्हाला ओळखतात. मी एकटा बोललो तर म्हणतील, काढलं म्हणून बोलतो."

"काढलं म्हणूनच बोलतोयस."

त्यानं मान खाली घातली.

"एक सांग," रोवेना म्हणाली. "गाडी तुझ्याकडेच राहिली असती तर आज तू इथं आला असतास?"

त्यानं टोपी उलटी केली, सुलटी केली. मग म्हणाला, "नाही मॅडम."

"हे पहिलं खरं बोललास." तिनं मांडीवरची टरफलं झटकली. "जा, सांग. सांगायलाच हवं. पण मी तुझ्यासाठी बोलणार नाही. मला तुझी दया येते, ब्रॅन्सन, आणि तुझी किळसही येते. दोन्ही एकदम. तू मागं वळून एकदा तरी त्याला भेटायला गेलास का, ज्याला तू मोडलास?"

"नाही मॅडम. तोंड नव्हतं."

"तोंड नव्हतं. आणि आज आहे." ती उठली. "आत चिकन डंपलिंग आहे. जेवून जा. उपाशी कुणाला मी पाठवत नाही. पण शाबासकी मागू नकोस."

तो आत बसून जेवला. दुसऱ्यांदा वाढून मागितलं नाही, तिनंही आग्रह केला नाही. जाताना स्वतःचं ताट धुऊन ठेवलं.

ब्रॅन्सन बोलला. शर्यती चालवणाऱ्या मंडळानं चौकशी केली, पेलला दंड केला आणि थोड्या शर्यतींसाठी पिटमध्ये यायला बंदी घातली. त्यानं त्या वरच्या काचेच्या खोलीत बसून पाहिल्या. गावानं ब्रॅन्सनला खाल्ल्या घरचे वासे मोजणारा ठरवलं. खोटं बोलला तेव्हा ज्यांनी विश्वास ठेवला, त्यांनीच खरं बोलल्यावर त्याच्या बापाच्या गॅरेजमध्ये गाड्या न्यायचं बंद केलं. तो अलाबामात कुठंतरी मातीच्या ट्रॅकवर पोरांना गाडी शिकवतो असं ऐकलं.

ड्वेनला पलीकडच्या जिल्ह्यात दुसऱ्या संघात इंजिनाचं काम मिळालं. ख्रिसमसला मार्ला आली, आईला न बोलता मिठी मारली. "नवा मालक फार सज्जन आहे," ती म्हणाली. रोवेना म्हणाली, "असू दे. सासू मालकांना प्रश्न विचारते, एवढं मात्र ड्वेनला तिथं बोलू देऊ नकोस." दोघी हसल्या, पण रोवेना जरा उशिरा हसली.

लाल जाकीट तिनं चर्चच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकलं. व्हर्नानं ते उचललं. आता तीच घालून ट्रॅकवर जाते, आणि चौथ्या वळणावरच्या त्या जागाही तिच्या मुलानं घेतल्यात. मंगळवारी रोवेना अजून येते. गुलाबांबद्दल बोलते, सांधेदुखीबद्दल बोलते. कुणी नव्या बाईनं विचारलं की काय वाटतं यंदा सॅफ्रिटचं, तर म्हणते, "मला आता त्यातलं काही कळत नाही," आणि डोळे मिटून घेते. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकच खोटं वाक्य.

फेब्रुवारीत हंगामाची पहिली शर्यत होती. त्या रविवारी वर्थ तिला नदीकाठच्या मासळीच्या हॉटेलात घेऊन गेला. हे मला वर्थनं सांगितलं. हॉटेल रिकामं होतं, सगळं गाव टीव्हीपुढे. तळलेला कॅटफिश आला, आणि भिंतीवरच्या टीव्हीवर गाड्या सुरू झाल्या. रोवेनानं वाढणाऱ्या बाईला म्हटलं, "बाई गं, ते बंद करशील?"

"मॅडम, आचारी बघतोय आतून. एकोणसाठ नंबर पुढे आहे. लमार टीग. पाय मोडून आलाय बिचारा, पाहा तरी."

रोवेनानं आपली बशी उचलली, वर्थनं त्याची. दोघं बाहेर त्यांच्या ट्रकमध्ये जाऊन बसले आणि काचा लावून जेवले. वर्थ म्हणाला मासा चांगला होता, पण तिनं अर्धाच खाल्ला.